हात खिशात, डोळे बाहेर

काउंटरखालच्या खणात ताईचा फोन सकाळपासून नऊ वेळा थरथरला होता. खणात टाचण्यांचा पत्र्याचा डबा असायचा. फोन आला की डबा किणकिणायचा, आणि मागच्या टेबलावरून इस्त्रीकाका मान वर न करता म्हणायचे, "पोरी, टाचण्यांना थंडी वाजतेय."

ताई हसायची. गेले चार महिने ती याच विनोदाला हसत होती.

ड्रायक्लीनिंगच्या त्या दुकानात ताई अकरा वर्षं काउंटरवर होती. कपडा आला की बटणं मोजायची, डागाभोवती खडूने गोल करायचा, नंबर लिहिलेली कापडी पट्टी पिनेने लावायची आणि खिसे रिकामे करायचे. खिशातून जे निघेल ते तपकिरी लिफाफ्यात टाकायचं, वर कपड्याचा नंबर घालायचा आणि लिफाफा चिकटवायचा. वाचायचं काही नाही, उलगडायचं काही नाही. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हात खिशात, डोळे बाहेर." ताईच्या आधी काउंटरवर असलेल्या बाईने म्हणे कुणाच्या तरी खिशातली चिठ्ठी वाचली होती आणि ती गोष्ट दोन घरांत पसरली होती. त्या दोन्ही घरांचे कपडे पुन्हा कधी या दुकानात आले नाहीत. ती बाईही गेली.

ताईने हा नियम इतका अंगी बाणवला की ती खिशात हात घालताना समोरच्या कॅलेंडरकडे बघायची. बोटांना कळायचं: नाणं, तिकीट, किल्ली, कागद. त्यापलीकडे कळून घ्यायचं नाही.

पुढे पुढे हीच सवय घरीही आली. नवरा रंगारी. दीड वर्षापूर्वी शिडीवरून पडला आणि कंबर मोडून घेतली. आठ महिने अंथरुणात गेले. औषधोपचाराला एक कर्ज काढलं, ते नवऱ्याला ठाऊक होतं. घर चालवायला दुसरं काढलं, तेही ठाऊक होतं. मग पहिल्या दोन्हींचे हप्ते भरायला तिसरं, तिसऱ्यासाठी चौथं आणि चौथ्यासाठी फोनवर पाच मिनिटांत मिळालेलं पाचवं. ही तीन तिने एकटीने काढली आणि एकटीने लपवली. सावकारांची पत्रं यायला लागली तशी ती न फोडताच पलंगाखालच्या जुन्या रजईच्या पिशवीत टाकू लागली. किती देणं आहे, हे ती पगारांत मोजायची. तिच्या अंदाजाने चौदा पगार होते. अंदाजच, कारण पिशवी उघडून बघायची हिंमत नव्हती.

अशात कोटवाले साहेब भेटले. भेटले म्हणजे, होतेच. दर पंधरा दिवसांनी त्यांचा राखाडी कोट दुकानात यायचा. गोड बोलायचे. खिसे कधी रिकामे करून आणायचे नाहीत. "या दुकानात खिशात सोनं विसरलं तरी परत मिळतं," असं चारचौघांत सांगायचे. मालकीणबाईंना ते ऐकून बरं वाटायचं. चार महिन्यांपूर्वी एकदा ते काउंटरशी उभे असताना ताईचा फोन तीनदा किणकिणला.

"वसुलीवाले?" त्यांनी हळूच विचारलं.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

"घाबरू नका. माझं कामच ते आहे. पाच असोत की पंधरा, सगळ्यांशी एकदाच बोलतो, निम्म्यात मिटवतो. तुम्ही फक्त कागद द्या. आणि आजपासून कुणाला हप्ता भरायचा नाही, फोन उचलायचा नाही, पत्र फोडायचं नाही. सगळं माझ्यामार्फत."

पत्र फोडायचं नाही, हे ऐकून ताईला हायसं वाटलं होतं, ही खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी तिने पाचही कर्जांचे कागद आणि सही केलेले पाच अर्ज आणून दिले. तेव्हा स्टेपलर सापडेना, म्हणून गठ्ठ्याला दुकानातलीच पिन लावली. पिनेत एक जुनी पट्टी अडकलेली होती, ती तशीच राहिली.

मग फाइल उघडण्याचे पैसे. पुढच्या महिन्यात शिक्क्यांचे. त्यानंतर वरच्या साहेबांच्या सहीचे. सगळे मिळून दीड पगार. आता राहिला होता "अखेरचा हप्ता". तो शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता, कोट न्यायला येतील तेव्हा द्यायचा होता. आणि शुक्रवारीच खोलीच्या मालकाने शेवटची मुदत दिली होती. तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं. निदान एका महिन्याचं हातात पडलं नाही तर शनिवारी सामान बाहेर. ताईकडे एका महिन्याच्या भाड्याएवढेच पैसे होते, दोन्हीकडे पुरणारे नव्हते. कोटवाले साहेब म्हणाले होते, "भाडं काय, चार दिवस पुढे ढकला. हा हप्ता चुकला तर चार महिन्यांचं केलेलं पाण्यात."

ताईने ठरवलं होतं, साहेबांना द्यायचे. बुडत्याला काडीचा आधार, आणि या काडीवर तिने आधीच दीड पगार घातला होता.

आज गुरुवार होता. कोट समोर होता. ताईने कॅलेंडरकडे बघत आतल्या खिशात हात घातला. जाड घड्या केलेले कागद लागले, एकावर एक. ओढताना पिन टोचली. दोन महिन्यांपूर्वीही याच खिशात पिन टोचली होती, तेव्हा तिने बोट चोखून लिफाफा चिकटवला होता. या वेळी मात्र पिनेबरोबर बोटांना कापड लागलं. कडक खळीचं, कडेला बारीक दाते असलेलं.

त्यांच्याकडे पट्ट्या दातेरी कात्रीने कापायची पद्धत होती, म्हणजे दोरे सुटत नाहीत. त्या पट्ट्या ती स्वतः कापायची.

अकरा वर्षांत पहिल्यांदा ताईने खाली बघितलं.

चारशे अकरा. तिच्याच अक्षरात. तो नंबर एका पडद्याचा होता. कुणी न्यायलाच आलं नाही, म्हणून तो पडदा मागच्या यंत्रावर झाकण म्हणून पडला होता. पट्टीखालच्या कागदावरही तिचंच अक्षर होतं. तिची सही होती. पिनेचं टोक ती सवयीने दोनदा आत-बाहेर करून घुसवायची, ते तसंच होतं. चार महिन्यांत ती पिन कुणी काढली नव्हती. साहेबांच्या सांगण्याप्रमाणे पाच ठिकाणी गेलेले, शिक्के बसलेले, वरच्या साहेबांनी सही केलेले कागद या खिशातून बाहेरच पडले नव्हते. बाहेर पडले ते तिच्याच हातून, लिफाफ्यात, आणि लिफाफ्यातून परत त्याच खिशात.

खिशात आणखी तीन गठ्ठे होते, वेगळ्या कागदांचे. ते तिने बघितले नाहीत.

तिने सगळं लिफाफ्यात टाकलं, नंबर घातला आणि डिंक लावून लिफाफा चिकटवला. मग मागे जाऊन मळक्या चादरींच्या गाठोड्यावर बसली.

इस्त्रीकाकांनी वाफ बंद केली. "काय गं?"

काकांनी इस्त्री उभी केली, स्टूल ओढलं आणि समोर बसले. बोलायला लावायची त्यांची ही रीत होती, गप्प बसून राहायचं. थोड्या वेळाने ताईने सगळं सांगितलं. पाच कर्जं, रजईची पिशवी, दीड पगार, खोलीचा मालक, चारशे अकरा. सांगताना ती रडली नाही. बातमी वाचून दाखवावी तसं सांगत गेली.

"मग ते कागद कुठायत?"

"लिफाफ्यात."

"कुठल्या लिफाफ्यात?"

"कोटाच्या. चिकटवला."

काकांनी कपाळावर हात मारला. "अगं शहाणे, ते तुझे कागद ना?"

"खिशातून निघाले काका. खिशातलं गिऱ्हाइकाचं."

"तुला पुतळा उभारायला हवा. दुकानाच्या दारात. कबुतरं बसतील."

ताईला हसू आलं आणि त्या हसण्यानेच बांध फुटला. काकांनी ती रडून होईपर्यंत वाट बघितली. नंतर टेबलावरचा फडका घडी घालत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्या सकाळी माझा दाताचा दिवस आहे. तू चल."

महिन्यातून एका सकाळी काका दातांच्या डॉक्टरकडे जायचे. तीन वर्षं. त्यावरून दुकानात भरपूर थट्टा व्हायची. मालकीणबाई म्हणायच्या, "माणसाला बत्तीस दात असतात, तुम्हाला किती?"

"काका, माझ्या दातांना काय झालंय?"

"माझ्याही दातांना काही झालेलं नाही." काकांनी फडका ठेवला. "तीन वर्षांपूर्वी मी बावीस पगारांएवढ्या कर्जात बुडालो होतो. लेकीच्या नवऱ्याच्या धंद्यात. तुम्हाला काय सांगणार? या वयात? म्हणून दात."

ताईने डोळे पुसले.

"वाचनालयाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर सल्ला केंद्राची खोली आहे. तिथे माणसं बसतात. कर्जाचा हिशेब लावून देतात, पत्रं लिहून देतात."

"किती घेतात?"

"काही नाही."

"मग मी नाही येत." ताई उठली. "फुकट म्हटलं की आता मला घाम फुटतो. त्यांना काय मिळतं?"

"पगार मिळतो. सरकारी असेल नाहीतर संस्थेचा. मी विचारलं होतं, त्यांनी कागद दाखवला." काका थांबले. "तुला सांगू, माझा विश्वास कधी बसला? पहिल्या दिवशी तिथली बाई म्हणाली, 'तुमचं कर्ज मी मिटवू शकत नाही.' तोपर्यंत मला भेटलेला प्रत्येक जण मिटवूनच देत होता."

शुक्रवारी सकाळी दोघांनी अर्धी रजा मागितली. "दोघांचे दात एकाच दिवशी?" मालकीणबाईंनी विचारलं. काका म्हणाले, "साथ आहे." मालकीणबाईंनी दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि अर्धी रजा दिली.

खोलीत तीन टेबलं होती, भिंतीला ओल होती, आणि काकांच्या ओळखीच्या चष्मेवाल्या बाईंपुढे टेबलावर कागदांपेक्षा पेन जास्त होती. ताईने रजईची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

"आधी एक सांगते," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "हे कर्ज तुमचं आहे आणि तुम्हालाच फेडायचंय. मी ते नाहीसं करू शकत नाही. किती आहे, कुणाचं आधी, कुणाला थांबवता येईल, एवढं आपण बघू. आज कशावरही सही करायची नाही. घरी न्या, वाचा, मग या."

"वाचायचं?"

"हो. सगळं."

मग त्यांनी पिशवी मागितली. त्रेचाळीस पत्रं निघाली. बाईंनी ती फोडली नाहीत, सुरी ताईच्या हातात दिली. पहिली तीन ताईने घाईघाईने फोडली, त्यात एक पत्र मधोमध फाटलं. पुढची तिने फोडली आणि बाईंनी तारखा लिहून घेतल्या. सोळाव्या पत्रावर बाई थांबल्या.

"हे बँकेचं. तुमच्या मोठ्या कर्जाचं. तुमच्या मिस्टरांच्या अपघाताची नोंद आहे त्यांच्याकडे. हप्ता निम्मा करायला तयार होते. तीस दिवसांत उत्तर मागितलं होतं."

"कधी?"

"अडीच महिने झाले."

ताईने सुरी खाली ठेवली. तिच्या कानात नुसता टाचण्यांचा डबा वाजत होता. घरात होतं हे. पलंगाखाली. ती रोज त्यावर निजत होती.

"पुन्हा विचारू," बाई म्हणाल्या. "देतीलच असं नाही. विचारू."

हिशेब व्हायला दोन तास लागले. चौदा नव्हे, एकोणीस पगार. चार महिने कुणालाच हप्ता न गेल्यामुळे दंड वाढला होता. ताईने तो आकडा ऐकला आणि खुर्चीची कड धरली. खिडकी उघडी होती. आपण दुसऱ्या मजल्यावर आहोत हे तिला उगाचच आठवलं. इस्त्रीकाकांनी, का कोण जाणे, उठून खिडकी लावली आणि परत बसले.

"आता ऐका," चष्मेवाल्या बाईंनी कागद तिच्याकडे फिरवला. "आधी छप्पर, मग वीज, मग पोट. त्यानंतर सावकार. जो जास्त ओरडतो त्याला आधी, असं नाही. तुमच्याकडे आज जे पैसे आहेत ते खोलीच्या मालकाचे. पावती घ्या. पाचही ठिकाणी मी आज पत्र पाठवते, खोलीच्या मालकासाठी एक तुमच्याजवळ देते. फोन आला तर उचला आणि एवढंच वाचून दाखवा." त्यांनी चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या. "आणि या कोटवाल्याची तक्रार करायची. दीड पगार परत मिळेल असं मी म्हणत नाही. पण तो आणखी कुणाकुणाचे घेत असेल. कागद कुठायत?"

"लिफाफ्यात," काका म्हणाले आणि छताकडे बघू लागले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "घरी कुणाला माहीत आहे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"दोन कर्जांचं. मिस्टरांना."

"आज सांगा. पुढच्या वेळी दोघं या."

परतताना दुकान जवळ आल्यावर ताई म्हणाली, "लिफाफा मी फोडणार नाही काका."

"नको फोडूस. वहीत काय नियम आहे?"

"गिऱ्हाइकाने लिफाफा काउंटरवर उघडायचा, नग मोजायचे, सही करायची."

"कोटवाल्याने कधी केलीय?"

"कधीच नाही. 'तुमच्यावर विश्वास आहे' म्हणतात."

"आज जरा कमी ठेवायला सांग."

दुकानात पोचल्यावर ताई आधी मालकीणबाईंकडे गेली. काय काय सांगितलं ते काकांना ऐकू आलं नाही, वाफेचा आवाज मोठा होता. ताई बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल होते.

पाचला पाच मिनिटं असताना कोटवाले साहेब आले. "झाला का कोट? आणि आपलं ते?" त्यांनी आवाज खाली केला.

"आधी लिफाफा मोजून घ्या साहेब."

"तुमच्यावर विश्वास आहे हो ताई."

"वहीत सही लागते." मालकीणबाई मागून आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, वही उघडली, आणि लिफाफा साहेबांपुढे सरकवला. "तुम्हीच फोडा. आम्ही हात लावत नाही."

साहेब हसले, इकडेतिकडे बघितलं. आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी लिफाफा फोडला.

"किल्ली, नग एक," मालकीणबाई लिहू लागल्या. "पेन, एक. कागदांचे गठ्ठे, चार." त्यांनी पेन थांबवलं. "याला आमची पट्टी कशी? चारशे अकरा. तो तर कुणी न नेलेला पडदा आहे. मागे यंत्रावर पडलाय."

"चुकून लागली असेल."

"चुकून काहीच लागत नाही इथे. ज्याला आमची पट्टी तो माल आमच्या ताब्यात, ज्याचा आहे त्याला देईपर्यंत. भिंतीवर लिहिलंय." भिंतीवर खरंच लिहिलं होतं, अठरा वर्षांपूर्वी, हरवलेल्या शालीच्या भांडणानंतर. मालकीणबाईंनी गठ्ठा उचलला आणि बघितलाही नाही. ताईकडे दिला. "ताई, नाव कुणाचं आहे बघा जरा."

"माझं आहे," ताई म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा बारीक निघाला.

साहेबांचा चेहरा क्षणभर इस्त्री न झालेल्या कपड्यासारखा झाला. मग त्यांनी बाकीचे तीन गठ्ठे खिशात कोंबले. "तुमचंच नुकसान करून घेताय. उद्यापासून ते लोक दारात येतील. मग मला फोन करू नका."

"सही," मालकीणबाई म्हणाल्या.

सही न करताच ते गेले. कोट घेऊन गेले, धुलाईचे पैसे मात्र द्यायचे राहिले. इस्त्रीकाका मागून म्हणाले, "आपलं बिल मात्र निम्म्यात नाही, पुऱ्यात मिटवून गेला." कुणी हसलं नाही. मालकीणबाई वही मिटून म्हणाल्या, "अकरा वर्षं माझ्या काउंटरवर बसून मला एक शब्द नाही." आणि आत गेल्या. जाताना त्यांनी ते धुलाईचे पैसे स्वतःच्या पर्समधून गल्ल्यात टाकले.

सहा वाजता ताईने खोलीच्या मालकाला एका महिन्याचं भाडं दिलं. त्याने दोनदा मोजलं. "बाकी दोन महिने?" तिने चष्मेवाल्या बाईंचं पत्र पुढे केलं. तो वाचून म्हणाला, "हे सगळं ठीक आहे, पण पंधरवड्यात काहीतरी दिसलं पाहिजे." पावती मात्र दिली.

घरी नवरा जमिनीवर बसून पुठ्ठ्याची खोकी चिकटवत होता. बसून करण्यासारखं तेवढंच काम त्याला मिळालं होतं. ताईने रजईची पिशवी त्याच्यासमोर उपडी केली. फोडलेली पत्रं खोक्यांमध्ये पसरली.

"हे काय?"

"वाच."

त्याने एक वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्यावरचं सावकाराचं नाव त्याने पुन्हा बघितलं. "हे कोण?"

"आणखी तीन आहेत. तुला दोनच ठाऊक होती."

"एकूण?"

"एकोणीस पगार. शिवाय दीड एका माणसाने नेले. ते माझ्या मूर्खपणाचे."

त्याच्या हातावरचा डिंक वाळून पांढरा पडला होता, तो नखाने खरवडत राहिला. "मी पडलो म्हणून," एवढंच एकदा म्हणाला. ताईने नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. मग त्याने हाताशी असलेलं एक खोकं तिच्याकडे सरकवलं. "तारखेप्रमाणे लाव यात. पिशवीत नको." थोड्या वेळाने म्हणाला, "मला सांगायचं होतंस." त्या आवाजात राग होता, आणि तो आज संपणार नव्हता हे तिला कळलं.

फोन वाजला. आता त्याच्याबरोबर किणकिणायला टाचण्या नव्हत्या. नंबर तिला पाठ होता, दिवसातून चारदा येणारा. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. तिने चिठ्ठी काढली, फोन उचलला आणि पलीकडच्या माणसाचं ओरडणं एका दमात होऊ दिलं. मग वाचलं, "माझ्या सर्व कर्जांचा हिशेब सल्ला केंद्राने हाती घेतला आहे. त्यांचं पत्र तुम्हाला मिळेल, तोपर्यंत जे बोलायचं ते लेखी कळवा."

मग त्या माणसाने, जरा खालच्या पट्टीत, विचारलं, "परत सांगता का? लिहून घेतो."

ताईने परत सांगितलं. या वेळी चिठ्ठीकडे न बघता.